उपाशी पोटी

हे लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. तेहेतीस वर्षे मी डोंबिवलीतल्या एका शाळेत मराठी शिकवले. मुलांच्या निबंधांवर लाल शाईने असंख्य खुणा केल्या, पण स्वतःचे असे पानभरही कधी लिहिले नाही. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे आणि माझ्यासारखीने ते वर्गात नीट वाचून दाखवावे, अशीच माझी समजूत होती. चौसष्टाव्या वर्षी ती मोडावी इतके विशेष माझ्याजवळ काही नाही. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तोंडाने सांगणे मला जमलेले नाही, एवढेच. लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू सावरते आहे असे कुठे वाटले, तर वाचणाऱ्यांनी ते पेशाची सवय म्हणून सोडून देऊ नये.

सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला ठाण्याच्या एका रुग्णालयात किडनी बसवण्यात आली. ती त्याच्या पत्नीची, म्हणजे माझ्या भावजयीची. ती माझी असायला हवी होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या दोघांसाठी बाहेर थांबलेल्या आम्हा तिघींपैकी ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

भाऊ कल्याणला राहतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फिटर होता. रक्तदाबाच्या गोळ्या तो आठवण येईल तेव्हा घेई, आणि आठवण त्याला क्वचितच येई. पुढे पाय सुजू लागले, जेवण जाईना, आणि एका पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. डायलिसिसच्या सुयांसाठी त्याच्या डाव्या मनगटाजवळची शीर मुद्दाम फुगवली होती. तिच्यावर बोट ठेवले की आत मांजर गुरगुरल्यासारखे लागे. दिवसभरात किती पाणी प्यायचे ते ठरलेले होते. भावजय सकाळी तेवढे पाणी एका तांब्यात काढून ठेवी आणि तो तांब्या स्वयंपाकघरात न ठेवता स्वतःच्या नजरेसमोर, शिलाई मशीनवर ठेवी. माझा भाऊ, ज्याने आयुष्यात कोणाकडे काही मागितले नाही, तो बायकोकडे घोटभर पाणी मागत असे आणि ती "संध्याकाळी" असे म्हणून मशीन चालवत असे. मी शनिवारी त्यांच्याकडे गेले की हे पाहत बसे.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी आम्हा सर्वांना एकत्र बोलावले. किडनी बदलणे हाच मार्ग आहे आणि घरातल्या माणसाची मिळाली तर उत्तम, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या खोलीत भाऊ, भावजय, माझी भाची आणि मी होतो. भाची तेव्हा बावीस वर्षांची होती. तिने तोंड उघडायच्या आतच भाऊ म्हणाला, "पोरीचं नाव काढलंत तर मी डायलिसिसवरच मरेन."

"माझी घ्या," मी म्हणाले.

हे मी सर्वांत आधी म्हटले, कोणी विचारण्यापूर्वी. भावाचा आणि माझा रक्तगट एकच आहे हे मला माहीत होते. भाऊ माझ्याकडे न पाहता नुसता माझा हात धरून बसला. बाहेर आल्यावर भावजयीने वाकून माझ्या पायांना हात लावला. आमच्या घरात ही पद्धत नाही, तरीही. त्या आठवड्यात कल्याणच्या बुद्धविहारात गेले तेव्हा ही बातमी माझ्या आधी पोहोचलेली होती. बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहत होत्या. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "बाई, दान दान म्हणतात ते हे." मी मान खाली घातली. मला ते आवडले होते, हे आज मी कबूल करते.

माझे लग्न झालेले नाही. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची जागा आहे. डॉक्टरांच्या त्या बैठकीच्या तीनच महिने आधी मी निवृत्त झाले होते. पहाटे उठून डबा भरायचा नाही, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, झाडांना पाणी घालताना घाई करायची नाही, असे दिवस मला प्रथमच मिळाले होते. "माझी घ्या" असे म्हटल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. सुरुवातीला ती कापाकापीची होती. मग ती पसरत गेली. माझे काही बिघडले तर मला उठून पाणी कोण देईल? उरलेली एक किडनीही बिघडली तर? हे प्रश्न मी डॉक्टरांना विचारू शकले असते. त्यांनी उत्तरे दिली असती, कदाचित चांगली दिली असती. "मला भीती वाटते, मला जमणार नाही" असे मी भावाला सांगितले असते, तर त्याने ते मुकाट्याने मान्य केले असते, याचीही मला खात्री आहे. परंतु तोवर मी विहारात मान खाली घालून आले होते.

पहिल्या फेरीच्या तपासण्या घराजवळच्या प्रयोगशाळेत केल्या तरी चालणार होत्या. उपाशी पोटी रक्त द्यायचे होते. आदल्या रात्री आठनंतर मी काही खाल्ले नाही. सकाळी उठले आणि सवयीने चहाचे आधण ठेवले. हे खरोखर सवयीने झाले. पाणी उकळू लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की आज चहा घ्यायचा नाही. गॅस बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मग मी चहापत्ती टाकली. साखर नेहमीपेक्षा दीड चमचा जास्त टाकली. उभ्या उभ्या, ओट्याशीच, तो चहा प्यायले. शेजाऱ्यांना नातू झाला म्हणून आदल्या दिवशी त्यांनी पेढे दिले होते. त्यातले दोन खाल्ले. तिसरा उचलला आणि पुन्हा डब्यात ठेवला. आपण काय करतो आहोत हे मला पूर्ण कळत होते. चूळ भरून, साडी नेसून मी पाऊण तासात प्रयोगशाळेत पोहोचले.

तिथे रक्त काढणारी मुलगी माझी विद्यार्थिनी निघाली. डोंबिवलीत तीस-पस्तीस वर्षे शिकवल्यावर हे कुठेही होऊ शकते.

"बाई, तुम्ही आम्हाला नववीला होतात. ओळखलंत?"

"चेहरा ओळखीचा वाटतो."

"मागच्या बाकावर बसायचे, कशाला ओळखाल. उपाशी आहात ना, बाई? बारा तास?"

"हो."

तिने कागदावर खूण केली. "तुम्हाला काय विचारायचं म्हणा," ती म्हणाली. "लोक चहा पिऊन येतात आणि शपथा घेतात. मूठ आवळा."

साखर मर्यादेच्या बरीच वर निघाली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अहवाल पाहिला. साखरेचा त्रास असलेल्या माणसाची एक किडनी काढून घेणे पुढे त्याच्यासाठी धोक्याचे ठरते, असे ते म्हणाले. तरीही एका अहवालावरून ठरवायचे नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा सगळे तपासू, असेही त्यांनी सांगितले. वयही जमेस धरावे लागेल म्हणाले. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. भाऊ लगेच माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुला साखर आहे आणि तुला माहीत नाही? एकटी राहतेस, कोण बघतं तुझ्याकडे." स्वतः खुर्चीत वाकून बसलेला, राखेच्या रंगाचा माझा भाऊ माझ्या प्रकृतीची काळजी करत होता.

चार दिवसांनी भावजयीने डॉक्टरांना सांगितले, "माझं बघा." तिचा रक्तगट कोणालाही चालणारा होता, ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या जुळत गेल्या. माझी पंधरा दिवसांनी होणारी तपासणी कोणाच्या लक्षातही राहिली नाही. मी आठवण करून दिली नाही.

अशा दानासाठी सरकारी समितीची परवानगी लागते. नातेवाईक खरोखर स्वखुशीने देतो आहे की त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली आहे, हे समिती विचारते आणि ते सारे कॅमेऱ्यात नोंदवले जाते. आम्हाला दाराबाहेर बसवले होते. दार नीट लागत नव्हते, त्यामुळे आतले सगळे ऐकू येत होते.

"तुमच्यावर कोणी दबाव आणला का?"

"दबाव कोण आणणार, साहेब? द्यायला आम्ही दोघीच. त्यातल्या एकीला साखर."

आतून कोणीतरी हसले. माझ्या शेजारी भाची बसली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आत्या, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातात होतं का ते?"

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही ठाण्यात माजिवड्याच्या पुढच्या त्या रुग्णालयात होतो. मी, भाची आणि भावजयीची आई. ही बाई म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढची, कल्याणच्या चाळीत आयुष्य काढलेली, नगरपालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी केलेली. रुग्णालयाचे तिला काहीच वाटत नव्हते. लिफ्टमधल्या परिचारिकेला तिने "नवीन लागलीस का गं?" असे विचारले होते.

आधी भावजयीला नेणार होते. अंगावर धातूचे काही चालत नाही म्हणून तिला सगळे काढायला सांगितले. मंगळसूत्र, कानातले आणि बांगड्या निघाल्या. जोडवी निघेनात. मी तिच्या पायाशी बसून साबणाचे पाणी लावून ती फिरवत राहिले. तिची टाच भेगाळलेली होती. दिवसभर शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईचे पाय.

"ताई, तुम्ही नका हो पायाला हात लावू," ती म्हणाली.

"अगं, हलू नकोस."

जोडवी निघाल्यावर तिने सगळा ऐवज रुमालात बांधला आणि माझ्या हातात दिला. तिची आई म्हणाली, "मी काय मेले का? माझ्याकडे दे."

"तू कुठंतरी ठेवशील आणि मग साऱ्या दवाखान्याला कामाला लावशील. ताईंकडे असू दे. त्यांच्याकडे दिलं की मला बघावं लागत नाही."

ढकलखुर्ची निघाली तेव्हा तिने मागे वळून पाहिले नाही. अर्ध्या तासाने भावाला नेले. त्याने मात्र दारापर्यंत आमच्याकडे पाहून हात हलवला, जणू तो गावी चालला होता.

प्रतीक्षागृह तिसऱ्या मजल्यावर होते. एका भिंतीवर पडदा होता आणि त्यावर आत गेलेल्या रुग्णांचे क्रमांक आणि त्यांच्यापुढे "सुरू" किंवा "पूर्ण" असे शब्द दिसत. आमचे दोन क्रमांक एकाखाली एक होते. दोघांपुढे "सुरू". दोन्ही ओळी एकाच घरच्या आहेत हे त्या खोलीतल्या इतरांच्याही हळूहळू लक्षात आले, आणि मग लोक आमच्याशी हलक्या आवाजात बोलू लागले.

नऊच्या सुमाराला भाची खालून चहा घेऊन आली. एका कपावर तिने झाकण उलटे लावले होते.

"आत्या, हा तुझा. बिनसाखरेचा."

तो कप मी घेतला. गेले चार महिने त्या घरात मला असाच चहा मिळत होता. भावजय माझ्यासाठी जांभळाच्या बियांची पूड करून बरणी भरून पाठवत असे. डायलिसिसच्या धावपळीत, नवऱ्याचे पाणी मोजता मोजता, तिने त्या बिया कधी वाळवल्या आणि कधी कुटल्या कोणास ठाऊक. ती पूड मी घेत असे. इतके कडू मी आयुष्यात काही खाल्ले नव्हते आणि ते खाताना मला थोडे बरे वाटे. कशाची तरी भरपाई होते आहे असे वाटे. याची आज मला अधिकच लाज वाटते.

दहा वाजले, साडेदहा झाले. पडद्यावर काही बदल होईना. भावजयीची आई सारखी पडद्याकडे बघत होती. अचानक ती म्हणाली, "बाई, आपण त्रिसरण-पंचशील घेऊ. तुम्ही म्हणा, आम्ही मागून म्हणतो."

आमच्या घरातल्या, शेजारातल्या, विहारातल्या कोणत्याही कार्यक्रमात हे काम माझे असते. माझे पालीचे उच्चार स्वच्छ आहेत असे सर्व जण म्हणतात. मी म्हणाले, "मनातल्या मनात म्हणू या, मावशी. लोक बसलेत."

"लोकांना काय त्रास आहे? हळू म्हणा."

आम्ही तिघी खिडकीजवळ उभ्या राहिलो आणि हात जोडले. मी सुरुवात केली. बुद्ध, धम्म, संघ, तिन्ही सरणे झाली. मग पंचशील. ज्यांना हे परिचयाचे नाही त्यांच्यासाठी सांगते: आपण पाच गोष्टी करणार नाही असे यात एकेक करून स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असते. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. पहिल्या शिलापासूनच मला ते समोर दिसू लागले होते. तिथे आवाज अडकेल, मला म्हणता येणार नाही, रडू येईल आणि मग जे व्हायचे ते होईल, असे मला वाटले. कदाचित तसे व्हावे असेही वाटले. दुसरे झाले, तिसरे झाले.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," मी म्हणाले.

काहीही झाले नाही. आवाज कापला नाही. उच्चार नेहमीसारखाच स्वच्छ आला. मागून दोघींनी ते वाक्य माझ्यापाठोपाठ म्हटले, आणि मी पाचव्याकडे वळले. शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा एक अनोळखी माणूस उठून आमच्या मागे येऊन हात जोडून उभा असलेला दिसला. "जय भीम, ताई," तो म्हणाला. "फार छान म्हटलंत. माझा मुलगा आहे आत."

चहा मी भीतीने प्यायले होते. हे कोणत्या भीतीने केले, ते मला अजून सांगता येत नाही.

एक वाजून गेल्यावर भावजयीच्या क्रमांकापुढे "पूर्ण" आले. नंतर बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टर हिरव्या कपड्यांत बाहेर आले आणि त्यांनी आमच्या रुग्णाचा क्रमांक पुकारला. आम्ही तिघी एकदम उठलो.

"दोघंही ठीक आहेत," ते म्हणाले. "किडनी बसवल्या बसवल्या लघवी सुरू झाली. अगदी टेबलावरच. भरपूर होतेय."

भाची मला बिलगून रडू लागली. भावजयीची आई मटकन खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय दिवस आले बघा. मुताची बातमी ऐकून डोळ्यांत पाणी आलं." मग ती स्वतःच हसू लागली, तो अनोळखी माणूसही हसला, आणि ती त्याला म्हणाली, "हसताय काय? तुमच्याही पोराची अशीच बातमी येऊ दे."

मीही हसले. भाऊ वाचला होता. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला होता. त्यात काही खोटे नव्हते, एवढे तरी मला लिहू द्या.

ज्याला किडनी बसवतात त्याला काचेमागे, वेगळ्या खोलीत ठेवतात. जिने दिली तिला साध्या कक्षात आणतात. सगळे नातेवाईक साहजिकच काचेकडे जातात. संध्याकाळी चारच्या सुमारास भाऊ काचेमागून दिसेल असे कळले, तेव्हा भाची आणि तिची आजी तिकडे गेल्या. विहारातले दोघे-तिघे आले होते, तेही गेले. भावजयीजवळ कोणीतरी थांबायला हवे होते. मी थांबले.

ती अर्धवट शुद्धीत कण्हत होती. तिला पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात हवा भरतात, ती मग खांद्याशी टोचत राहते, असे परिचारिकेने सांगितले. मी तिचा खांदा चोळत बसले. तिने डोळे उघडले.

"यांचं?"

"छान चाललंय. लघवी होतेय. आताच सगळे बघायला गेलेत."

"तुम्ही नाही गेलात?"

"जाईन नंतर."

तिने ओठांवरून जीभ फिरवली. पाणी द्यायचे नव्हते. मी ओला कापूस लावला. मग ती थांबत थांबत बोलू लागली. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"ताई, एक सांगू? रागावू नका. तुमची साखर निघाली ना, त्या दिवशी मला तुमचा राग आलेला. लई राग. मला वाटलं, सुटल्या ह्या. आता माझ्यावर आलं. मला नव्हतं द्यायचं, ताई. मी घाबरलेले. चार दिवस यांच्याशी धड बोलले नाही. यांना वाटलं पाण्यावरून चिडलेय. मग माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, ह्या बिचाऱ्या स्वतःहून पुढं आलेल्या, त्यांना आजार निघाला, एकट्या राहतात, आणि मी काय विचार करतेय. मनात वाईट आणलं मी तुमच्याबद्दल. मला माफ करा."

माझा हात तिच्या खांद्यावर होता. कक्षात आमच्याशिवाय पलीकडच्या खाटेवर एक झोपलेली बाई होती. माझ्याजवळ तेव्हा भरपूर वेळ होता. मी एवढेच म्हणायला हवे होते की तू मनात आणलेस ते बरोबर होते. सहा-सात शब्दांचे वाक्य. मी आयुष्यभर मुलांना वाक्ये रचायला शिकवली आहेत.

"असू दे गं," मी म्हणाले. "माणसाच्या मनात येतं. मी काही मनावर घेतलं नाही."

तिने माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. तिला झोप लागली. मी तिला माफ केले होते.

मी प्रयोगशाळेत खोटे बोलले, ते एका घाबरलेल्या बाईचे खोटे होते, असे म्हणून मी कधी कधी स्वतःला सोडून देते. वयामुळे डॉक्टरांनी मला नाकारलेच असते, असाही युक्तिवाद मी करून पाहिला आहे. पण त्या खाटेशी मी जे केले त्याला मला कोणतीच सबब सापडत नाही. जिने माझ्या वाट्याचे दुखणे सोसले, ती माझी क्षमा मागत होती आणि मी ती उदारपणे दिली.

त्यानंतरची सहा वर्षे तशी साधी गेली. भाऊ कामावर परतला आणि आता निवृत्तही झाला. तो भरपूर पाणी पितो. तहान लागली नसतानाही पितो आणि भावजय त्याला "पी, पी, कारखान्याची टाकी भर" म्हणते. भावजयीला गेल्या वर्षापासून रक्तदाबाची गोळी लागली आहे. किडनी दिल्यामुळेच लागली असे डॉक्टर म्हणत नाहीत, आणि तसे नाहीच असेही म्हणत नाहीत. त्यांच्या घरी मी अजूनही साखर टाळते. सणाला सगळ्यांच्या ताटात गोड वाढून झाले की भावजय माझ्या ताटात चण्याच्या डाळीची उसळ वाढते. ती मुद्दाम माझ्यासाठी वेगळी केलेली असते.

आता हे लिहायला बसण्याचे कारण सांगते. येत्या महिन्यात विहारात अवयवदानावर एक कार्यक्रम आहे आणि त्यात भावजयीचा सत्कार करायचे ठरले आहे. भाचीचा फोन आला होता.

"आत्या, आईचं मानपत्र तू लिहायचंस आणि तूच वाचायचंस. आई म्हणाली, दुसऱ्या कोणी वाचलं तर मी खुर्चीवर बसणार नाही."

"दुसरं कोणी लिहील, बाळा. मला कुठे लिहिता येतं."

"नाटकं करू नकोस. तुझ्यासारखं मराठी आहे का कोणाचं? आणि आई म्हणतेय की त्यात तुझंही आलं पाहिजे. पहिल्यांदा तूच पुढे आली होतीस ते."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण काय द्यायचे ते सुचले नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी मी कोरे कागद घेऊन बसते. पहिली ओळ चांगली होते: अमुक तमुक हिने आपल्या पतीस जीवदान दिले. दुसऱ्या ओळीत मी येते, आणि तिथे लेखणी थांबते. मी स्वतःला वगळले तर ती मंचावरूनच मला टोकेल, मला ठाऊक आहे. न वगळता लिहिले, तर विहारात बुद्धमूर्तीसमोर, माइकवरून, माझ्या स्वच्छ उच्चारांत मी ते पुन्हा एकदा म्हणेन, आणि समोरचे लोक टाळ्या वाजवतील. त्यातल्या काही माझ्यासाठी असतील.

कार्यक्रमापूर्वी तिला एकटीला गाठून सांगावे, असे मी ठरवते. मग वाटते, सांगून मी माझे ओझे तिच्यावर टाकते आहे. तिची रक्तदाबाची गोळी, तिच्या कुशीतला व्रण, त्या संध्याकाळी तिने मागितलेली माफी, हे सारे तिला पुन्हा वेगळ्या नजरेने पाहावे लागेल, आणि मी मात्र हलकी होऊन डोंबिवलीला परत येईन. आणि असे वाटते तेव्हा लगेच शंका येते की हाही माझा भित्रेपणाच आहे, फक्त आता तो तिच्या काळजीच्या भाषेत बोलतो आहे. मला यातले खरे कोणते ते कळत नाही. इतकी वर्षे मी स्वतःशीच बोलत आले, आणि स्वतःच्या उत्तरांवर माझा विश्वास उरलेला नाही. म्हणून तुम्हाला, ज्यांना मी ओळखत नाही, त्यांना विचारते.

मी तिला सांगावे का?